वाशिंदचं ‘मोठं’ आणि त्याचा शेवट

संगीताच्या इतिहासात काही जागा अशा असतात की तिथे पाऊल ठेवताना माणसानं क्षणभर थांबावं आणि मान लववावी. वाशिंद रेल्वे स्टेशन त्यांपैकी एक आहे, असं पुण्यातल्या माझ्या एका मित्रानं मला अत्यंत गंभीरपणे सांगितलं होतं. मी पाऊल ठेवलं, क्षणभर थांबलो आणि मानही लववली. कारण माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता.

हा मित्र परदेशी तबकड्या जमवतो. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक नावाच्या प्रकाराचं वेड आहे. या प्रकारात तीन मिनिटांत संपणारं गाणं हे चारित्र्याची शिथिलता समजलं जातं. गाणं वीस मिनिटांचं असावं, त्याला भाग असावेत, ताल मध्येच बदलावा, ऑर्गन वाजवणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत आणि शब्द कोणाला कळू नयेत, असे सर्वसाधारण नियम आहेत. इंग्लंडात ज्यांनी हे सुरू केलं त्यांतले बहुतेक जण एकमेकांशी भांडून वेगळे झाले. पण ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वाशिंदला ‘मध्यांतर’ नावाचा एक बँड बावीस वर्षं हेच करत होता आणि अजून टिकून होता. त्यांची एक रचना पाऊण तासाची होती. मित्रानं कुठल्याशा गावच्या जयंतीला ती निम्मी ऐकली होती. तिच्यात सात मात्रांचा एक लांबलचक भाग होता, आणि तो ऐकून मित्राच्या अंगावर काटा आला होता.

दोन हजार सालानंतरचा एक मे महिना होता. मी एका मासिकासाठी लिहायचं ठरवलं. सात मात्रा म्हणजे आपला रूपक. तेव्हा रूपक तालाचा पाश्चात्त्य रचनेशी झालेला संगम या विषयावर चार पानं मी निघण्यापूर्वीच लिहून ठेवली. प्रवासवर्णन लिहिण्याची ही सोयीची पद्धत आहे. प्रवास मध्ये येत नाही.

वाशिंद, गुरुवार

स्टेशनबाहेरच्या टपरीत निळ्या रबरी चपला मिळाल्या. त्या पायात घालून वळलो तर समोर पांढऱ्या बुशशर्टातले, बुटके, साठीला टेकलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे.

“तुमीच ना पुण्याचे सर?”

“हो. कसं ओळखलंत?”

“बाकी सगळं पुण्याचं हाय. चपला तेवढ्या आमच्याकडच्या.”

हे काशिनाथ. गावात सगळे काशीदादा म्हणतात. जवळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. ‘मध्यांतर’ त्यांनी काढला आणि ऑर्गन तेच वाजवतात. ऑर्गन म्हणजे एक जुनी पायपेटी. पायानं भाता मारायचा, दोन्ही हातांनी वाजवायचं. तिच्या पोटात त्यांनी टेलिफोनच्या रिसिव्हरमधला माइक बसवला आहे आणि त्याची वायर एका दणकट अॅम्प्लिफायरला जोडली आहे. आवाज ऐकल्यावर पेटी वाटत नाही. देऊळ, चर्च आणि गिरणीचा भोंगा यांच्या मधलं काहीतरी वाटतं.

घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली पेटी, पेटीवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. काशीदादांच्या पत्नी कमलताई अंगणवाडीत शिकवतात. त्यांनी घड्या उचलल्या आणि मला विचारलं, “सर, सुकट चालते का? नाय चालत असली तर सांगा. दुसरं काय केलेलं नाय, पण विचारलं नाय असं नको व्हायला.”

तांदळाची गरम भाकरी, कैरी घातलेली सुकट आणि कांदा. आमच्याकडे पाहुण्याला तिखट लागलं की यजमान साखर आणतात. कमलताईंनी आणखी एक भाकरी आणली. उपाय म्हणून तो जास्त चांगला आहे.

जेवणानंतर मी वही काढली आणि रूपकाबद्दल विचारलं. काशीदादांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग बिस्किटांच्या डब्यातून एक कॅसेट काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर नाव नव्हतं. फितीच्या एका जागी चिकटपट्टी चमकत होती.

हकीकत अशी. कारखान्यातला एक इंजिनिअर बदली होऊन गेला, तेव्हा त्याच्या खोलीत ही कॅसेट राहिली. कुठल्यातरी इंग्रजी बँडची, वेष्टण हरवलेली. कँटीनच्या टेपरेकॉर्डरवर ती लावली आणि पहिल्याच दिवशी यंत्रानं फीत खाल्ली. काशीदादांनी चुरगळलेला तुकडा कापून टाकला आणि दोन टोकं जोडली.

“त्या तुकड्यात एक ठोका गेला असणार,” ते म्हणाले. “आठाचे सात झाले. आमाला काय माहीत आधी किती होते? टेपवर सात होते, आमी सात बसवले.”

“पण एक ठोका एकदाच गेला असेल. तुम्ही तर पाच मिनिटं सातच वाजवता.”

“आमाला वाटलं, इंग्रज चुकत नसणार. मग पुढंपण सातच घेतले.”

एवढ्यावर थांबलं नाही. कॅसेटची पहिली बाजू संपली ती गाण्याच्या मध्यावर. खट् असं बटण उडालं, कॅसेट उलटी करून घातली, पुन्हा खट्, आणि गाणं पुढे चालू. त्यांनी तेही बसवलं. आजही ‘मध्यांतर’ पहिल्या भागानंतर थांबतो. ड्रमच्या कडेवर काठीचा एक ठोका, मग कॅसेट उलटायला लागेल एवढी शांतता, मग पुन्हा ठोका. मित्रानं मला याच शांततेबद्दल सांगितलं होतं. पौर्वात्य शून्याची कल्पना, असे त्याचे शब्द होते. माझ्या चार पानांतलं दुसरं पान त्यावरच होतं.

मी वही मिटली.

गाण्याचा इंग्रजी भाग हळूहळू झिजत गेला आणि काशीदादांचं स्वतःचं त्यात वाढत गेलं. आता मूळ कॅसेटमधलं सात मात्रा आणि ते थांबणं एवढंच उरलं आहे. रचनेला नाव नाही. बँडमधले तिला ‘मोठं’ म्हणतात. “मोठं घ्यायचं का?” असं विचारतात. बाकी भीमगीतं आणि हळदीची गाणी वाजवून ते बँड चालवतात. ‘मोठं’ वाजवायला मिळावं म्हणून बाकीचं वाजवतात. ‘मध्यांतर’ हे नावसुद्धा दुसऱ्यांच्या कार्यक्रमात मध्यंतराला वाजवायला मिळायचं म्हणून पडलं. मोठ्या बँडांतली माणसं बदलतात तशी यांचीही बदलली. एक गिटारवाला बदली होऊन गेला, एक ग्रामसेवक झाला, आणि एक कलात्मक मतभेदांमुळे भजनी मंडळात गेला. आता तिघं उरले आहेत: काशीदादा, मुरबाडजवळचे शेतकरी रमाकांत हे ड्रमवर, आणि टोकावड्याला ढाबा चालवणारे पांडू बेंजोवर. बेंजो म्हणजे आपल्या लग्नाच्या वरातीत वाजतो तो, टंकलेखन यंत्रासारख्या बटणांचा. पांडूंनी त्याला वीज जोडली आहे.

“आणि शेवट कसा आहे?” मी विचारलं.

आतून कमलताई हसल्या. “सर, तेच विचारू नका. बावीस वर्सं ऐकते, शेवट भारी हाय, शेवट भारी हाय. आमच्या लग्नाला वाजवायचा होता. तेवा भटजी नव्हता, भंतेजी होते, तरी टाइम झाला म्हणून थांबवलं.”

‘मोठं’ लोकांसमोर कधीच शेवटपर्यंत वाजलेलं नाही. कारण साधं आहे. कार्यक्रम कुठलाही असो, मध्येच पाहुणे येतात आणि सत्कार होतो. पहिल्यापहिल्यांदा बँडला थांबावं लागायचं. मग काशीदादांनी सत्कारच रचनेत घेतला. त्या जागी ते ऑर्गनवर एक स्वरसमूह धरून ठेवतात. निवेदक बोलतो, शाल पडते, नारळ दिला जातो, आणि नारळ पाहुण्याच्या हातात गेला की रमाकांत ड्रमवर उचल घेतात. माझ्या मित्रानं या भागाला ‘ध्यानस्थ’ म्हटलं होतं. कल्पना उत्तम होती, पण तिच्यात एक भोक राहिलं. नारळ मिळाल्यावर पाहुणा दोन शब्द बोलतो. दोन शब्दांना अर्धा तास लागतो. मग बक्षिसं, आभार, आणि लाइट जाते.

“न बोलणारा पाहुणा भेटला तर पूर्ण होईल,” कमलताई म्हणाल्या. “पण तसला आणायचा कुठून?”

काशीदादांनी उजवा हात पुढे करून दाखवला. मधली दोन बोटं अर्धवट वाकलेली होती. ती सरळ करायला त्यांना डावा हात लागला.

“सकाळी जास्त धरतात. डॉक्टर म्हणाला, वाढत जाणार. आता पाऊस लागला की रमाकांत भातात जाईल, तो दिवाळीला बाहेर येईल. दिवाळीला ही दोघं माझं ऐकतील असं वाटत नाय.” ते बोटांबद्दल वांड मुलांबद्दल बोलावं तसं बोलत होते. “शनिवारी टोकावड्याला मंडळाचा वर्धापनदिन हाय. तेवढा एकच कार्यक्रम ऱ्हायला.”

मी म्हटलं, शेवट आत्ता ऐकवा. त्यांनी मान हलवली.

“शेवट असा सुटा कसा वाजवणार? त्याच्या आधी पाऊण तास पायजे.”

उंबरमाळी, शुक्रवार

वाजवणार नाही, पण दाखवतो, असं म्हणून काशीदादा मला उंबरमाळीला घेऊन गेले. त्यांचे वडील तिथे रेल्वेत गँगमन होते. कसाऱ्याच्या अलीकडे, डोंगरात, गाडी थांबते न थांबते असा हा थांबा. आम्ही दोघंच उतरलो. उतरलो म्हणजे काशीदादा उतरले आणि मी खडीवर पडलो. रबरी चपलेला खडी मानवत नाही.

रुळांच्या दोन्ही बाजूंना साग. मे महिन्यात सागाचं जंगल कसं दिसतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो: जळून गेल्यासारखं. फक्त करवंदीच्या जाळ्या हिरव्या होत्या. एक ठाकर बाई पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती. मी एक द्रोण घेतला.

“आमच्याकडे ही मिळतात, पण इतकी काळी नसतात,” मी म्हणालो.

“तुमच्याकडं जाईस्तोवर दमत असतील,” ती म्हणाली.

आम्ही एका मोरीच्या कठड्यावर बसलो. अर्ध्या तासानं एक मालगाडी आली आणि सिग्नलला उभी राहिली. आणखी वीस मिनिटं गेली. करवंदं संपली. मी घड्याळाकडे पाहायला लागलो तसं त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

सिग्नल पडला. इंजिननं भोंगा दिला. लांब, खालच्या पट्टीतला, किंचित थरथरणारा. तो थांबला, आणि थोड्या वेळानं समोरच्या डोंगरावरून परत आला. आलेला मात्र तसाच नव्हता. त्याची धार गेली होती. कोणीतरी तोच भोंगा आठवून पुन्हा म्हणावा तसा तो आला आणि सागाच्या वाळक्या पानांत विरला. गाडी हलली.

“हे,” काशीदादा म्हणाले.

“काय?”

“शेवट.”

त्यांची आई लहानपणीच वारली. वडिलांची ड्यूटी घाटात असायची. संध्याकाळी एकटा पोरगा खोलीत बसायचा आणि मालगाडी सुटली की डोंगराचा आवाज ऐकायचा. “गाडी बोलली की डोंगर बोलायचा. कोणतरी हाय असं वाटायचं,” ते म्हणाले, आणि उठून पँट झटकली. “चला, गाडी चुकली तर खर्डीपर्यंत चालावं लागंल.”

गाडी चुकली. खर्डीपर्यंत चालावं लागलं.

मुरबाड, शनिवारी दुपारपर्यंत

शहापूरहून मुरबाडची एसटी पकडली. शहापूरच्या बाजारात पावसाळ्याची खरेदी चालू होती. इरली, ताडपत्र्या, सुके बोंबील, सगळं एकाच दुकानात, आणि सगळ्याला बोंबलांचा वास. कमलताईही बरोबर होत्या. पेटी टपावर होती. कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं नाही, पण “ताबूत कुणाचा?” असं विचारलं.

रमाकांतांचं घर मुरबाडच्या बाहेर, शेतात. भाताच्या कणग्या ठेवायच्या खोलीत त्यांचे ड्रम आहेत. उंच, हडकुळा माणूस. बोलताना काठ्या हातात लागतात, नाहीतर शब्द सापडत नाहीत. तालीम सुरू झाली तेव्हा कोपऱ्यातल्या बाजेवर त्यांचे वडील, आप्पा, बसून होते. ऐंशीच्या पुढचे असावेत.

सत्काराचा भाग आला. काशीदादांनी स्वर धरला. कमलताई उठल्या, ताकावर झाकलेल्या ताटलीवरचा एक नारळ उचलला आणि आप्पांच्या हातात दिला. त्याच क्षणी रमाकांतांचे हात उठले. आप्पांनी नारळाला नमस्कार केला आणि तो शेजारी ठेवला.

“हे दर तालमीला?” मी नंतर विचारलं.

“नारळ दिसल्याबिगर माझा हात उठत नाय,” रमाकांत म्हणाले. “बावीस वर्सांची सवय हाय. काशीदादानं डोळा मारला तरी नाय, मान हलवली तरी नाय. एकदा पांडूनं नुसता हात पुढं केला, नारळ नव्हता. मी बसून ऱ्हायलो. माझं काय चालंना.”

म्हणजे हिशेबानं पाहिलं तर आप्पांचे हजारभर सत्कार झालेले असणार. मुरबाड तालुक्यातच नव्हे, आमच्या पुण्यातही एवढ्या सत्कारांचा माणूस सापडणं कठीण आहे, आणि तिथे या क्षेत्रात चांगलीच चढाओढ आहे. मी आप्पांना म्हटलं, “आप्पा, तुम्ही दोन शब्द कधी बोलला नाहीत?”

“कोण विचारतो रे?” आप्पा म्हणाले.

तालीम शेवटाच्या आधी थांबली. काशीदादांनी पेटी बंद केली. दुपारी वालाचं बिरडं आणि भात झाला. आप्पांनी टोकावड्याला यावं असं मी सुचवलं, कारण माझ्या मते न बोलणारा पाहुणा तयारच होता. रमाकांत म्हणाले, “त्यांना एसटी लागते. आणि घरच्या माणसाचा सत्कार गावात कसा करायचा?”

टोकावडे, शनिवार संध्याकाळ

माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे आहे. रस्त्याला ढाबे, मागे शेतं, त्यामागे एकदम उभा राहिलेला डोंगर. मंडळाच्या मैदानावर मांडव होता. स्टेजवर सहा खुर्च्या, मध्ये एक सोफा. सोफा प्रमुख पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे घाटापलीकडून यायचे होते. कार्यक्रम पाचचा होता. पाऊणशे माणसं सतरंजीवर बसली होती, चपला मांडवाबाहेर काढून. पावणेसातपर्यंत मंडळाचे अध्यक्ष नाना यांनी माइकवरून अकरा वेळा सांगितलं की पाहुण्यांचं आगमन थोड्याच वेळात होत आहे. सरपंच पाहुण्यांना आणायला घाटापर्यंत गेले होते.

आठला लाइट जाणार होती. त्या वर्षी भारनियमनाची वेळ हीच एक वेळ अशी होती की जी कोणी चुकवत नसे.

पांडू ढाब्यावरचं गल्ल्याचं काम तसंच टाकून आले होते, खांद्याला पंचा होता. सात वाजता ते स्टेजवर जाऊन म्हणाले, “नाना, आमी चालू करतो. पाहुणे आले की मधी सत्कार घालू. जागा हाय.”

“किती टाइमाचं हाय?”

“नेहमीचंच.”

नानांना नेहमीचं म्हणजे अर्धं माहीत होतं. त्यांनी होकार दिला.

सात वाजून दहा मिनिटांनी ‘मोठं’ सुरू झालं. मी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं होतं. कसं होतं ते सांगतो. पुण्यात मैफिलीत श्रोते समेवर ‘वा’ म्हणतात, त्यामुळे आपल्याला सम कुठे आहे ते कळतं. टोकावड्यात कोणी काही म्हणत नव्हतं. सात मात्रांचा भाग आला तेव्हा पुढे बसलेल्या बायका त्यावर माना हलवत होत्या, अगदी सहज, एक ठोका कमी आहे याची त्यांना काही खंत नसावी. पांडूंचा बेंजो वरातीतलाच होता, पण कुठल्यातरी लांबच्या वरातीतला. खट् झालं, शांतता पसरली, आणि नाना माइककडे धावले. पांडूंनी त्यांना हातानं अडवलं. पुन्हा खट्. मी माझी चार पानं घरी ठेवून आलो असतो तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. ती खिशात टोचत होती.

सात बत्तीसला सत्काराचा भाग आला. काशीदादांनी स्वर धरला आणि भाता मारायला लागले.

पाहुणे नव्हते.

पाच मिनिटांनी पांडूंच्या ढाब्यावरच्या फोनवर निरोप आला. घाटात ट्रक आडवा झाला होता. पाहुणेही अडकले होते, सरपंचही. कोणी येणार नव्हतं. नाना हातात ताट घेऊन उभे राहिले. ताटात शाल, नारळ, हार.

“नाना, कुणालापण द्या,” पांडू बेंजोवरून ओरडले.

पण कोणाला? गावातल्या एकाला दिला तर बाकीचे पुढचं वर्षभर बोलणार नाहीत. नानांनी दोघांकडे पाहिलं, दोघांनी मान फिरवली. एकानं तर तिसऱ्याकडे बोट दाखवलं आणि तिसरा उठून पाणी प्यायला गेला. स्वर चालूच होता. सात चाळीस झाले. मी काशीदादांचा उजवा हात पाहत होतो. ती दोन बोटं पट्ट्यांवर दाबलेली, आणि त्यांच्या कपाळावर घाम. तो स्वर जितका लांबत होता तितकी बोटं धरत जाणार होती, आणि शेवटाला तोच हात लागणार होता. रमाकांत काठ्या मांडीवर ठेवून ताटाकडे पाहत बसले होते.

कमलताई माझ्या शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, “सर, उठा.”

“मी?”

“तुमी बाहेरचे. तुमच्याबद्दल इथं कुणाला काय वाटत नाय.”

मी गेली तीस वर्षं सत्कार या गोष्टीची चेष्टा करत आलो आहे. माझ्या परिचयात तसं लिहूनही येतं. मी उठलो आणि चपला शोधायला गेलो. मांडवाबाहेर चाळीस तरी निळ्या रबरी चपला होत्या.

“ओ सर, अनवाणी चला,” कमलताईंनी मागून हाक मारली. “पायांचा सत्कार नाय करायचा.”

मी अनवाणी स्टेजवर गेलो. नानांनी विचारलं, “यांचं नाव काय? कोण हायेत?” कमलताई खालून म्हणाल्या, “नाव मागून इचारा. नारळ द्या.” नानांनी शाल घातली, हार घातला, मग नारळ पुढे केला. मी हात लावला. आणि नाना थांबले, कारण फोटोग्राफरनं हात वर केला होता. आपल्याकडे नारळ देणारा आणि घेणारा दोघंही नारळ धरून कॅमेऱ्याकडे पाहतात. फ्लॅश चार्ज होत होता. आम्ही दोघं नारळ धरून उभे. स्वर चालू. रमाकांतांची नजर नारळावर, आणि नारळ अजून कोणाच्याच हातात नव्हता.

काशीदादांनी डोळे मिटले. ते प्रोग्रेसिव्ह रॉकसाठी नव्हतं.

मी नारळ ओढला. नाना एक पाऊल पुढे आले. रमाकांतांचे हात उठले.

आता नानांनी माइक माझ्यापुढे धरला. “पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत, अशी मी त्यांना विनंती करतो.” पाऊणशे माणसं माझ्याकडे पाहत होती. खिशात चार पानं होती. मी माइक परत त्यांच्या हातात दिला, सोफ्यावर बसलो आणि नारळ मांडीवर घेतला. नाना वाकून म्हणाले, “अहो, थोडं तरी.” मी नुसता नमस्कार केला. ते गोंधळून खुर्चीवर बसले. मला वाटतं, त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याशी बोलायचं टाळलं.

पुढची बारा मिनिटं रमाकांत आणि पांडूंनी लोकांसमोर कधी वाजवली नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. अंधारात ओळखीच्या घरात चालावं तसे ते जात होते. सात मात्रा परत आल्या, जोरात, आणि बायकांच्या माना परत हलायला लागल्या. मग पांडू थांबले. मग रमाकांत थांबले.

काशीदादांनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं सरळ केली, पट्ट्यांवर ठेवली, आणि भाता मारला. भोंगा झाला. मग त्यांनी पेटीचं एक बटण आत ढकललं, आणि तोच भोंगा मऊ होऊन परत आला. तो विरला. टोकावड्याचा खरा डोंगर मांडवाच्या मागेच होता, पण तो काही बोलला नाही.

कोणी टाळी वाजवली नाही. मघाशी शांततेनंतर गाणं पुढे चालू झालेलं त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे ते वाट पाहत होते. मग नानांनी बक्षीस समारंभ जाहीर केला, आणि टाळ्या त्याला पडल्या. आठला तीन मिनिटं कमी होती. शाल मला परत द्यावी लागली. मंडळाकडे एकच होती आणि ती दुसऱ्या दिवशी मुरबाडला लागणार होती.

काशीदादा पेटीशीच बसून होते, उजवा हात काखेत धरून. कमलताई पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“एवढंच?”

“एवढंच गो.”

त्यांनी तांब्या त्यांच्या डाव्या हातात दिला आणि पेटीचं झाकण लावलं.

शेवट मी घड्याळ लावून मोजला होता. अकरा सेकंद.